लिनोकट : घरच्या टेबलावरचा छापखाना

शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला भेंडी आडवी कापून, रंगात बुडवून तिचे ठसे कागदावर उमटविले नाहीत, असा मराठी माणूस विरळाच. भेंडीचा जो भाग वर असे तो कागदावर उमटे आणि पोकळीच्या जागी कागद कोरा राही. कार्यालयातला रबरी शिक्का, कापडावर नक्षी छापणाऱ्या कारागिराचा लाकडी ठसा, जुन्या छापखान्यातला शिशाचा खिळा या सर्वांमागचे तत्त्व तेच आहे. उंच भागाला शाई लागते, खोल भाग कोरा राहतो. मुद्रणाच्या परिभाषेत याला उठावाचे मुद्रण म्हणतात. लिनोकट ही याच कुळातली, वयाने धाकटी कला होय.

लिनोलियम या पदार्थाच्या तुकड्यावर चित्र कोरायचे, त्यावर शाई फिरवायची आणि कागद दाबून छापा घ्यायचा, इतकी तिची साधी व्याख्या करता येईल. मुद्राचित्रणाच्या इतर प्रकारांना बराच सरंजाम लागतो. धातूच्या पत्र्यावरील अम्लछापाला अम्ल हवे, शिळाछापाला वजनदार दगड आणि तितकेच वजनदार यंत्र हवे. लिनोकटला एक टेबल, दोन-तीन कोरण्या, काचेचा तुकडा, रबरी रोलर आणि स्वयंपाकघरातला एक डाव पुरतो. चित्र काढणारा, ते कोरणारा आणि छापणारा हा एकच माणूस असतो. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षेनंतर चित्रकला सुटली, पण हाताने काहीतरी घडवावे ही ओढ मात्र गेली नाही, अशा शहरी माणसाला ही कला जवळची वाटते, ती यामुळेच.

साधने सोपी असली, तरी कला सोपी आहे असे मात्र नव्हे. पेन्सिलीची रेघ खोडता येते, तैलरंगाचा थर खरवडता येतो. लिनोतून कोरून काढलेली कपची पुन्हा जागेवर बसविता येत नाही. ही वजाबाकीची कला आहे. काय ठेवायचे आणि काय काढायचे, हे कोरणी टेकविण्यापूर्वी ठरवावे लागते. चित्र पूर्ण झाले की आणखी एक निर्णय समोर उभा राहतो. याचे छापे किती काढायचे, आणि कोणासाठी? या दोन निर्णयांभोवतीच लिनोकटची सारी साधना फिरते.

जवसाच्या तेलातून जन्म

लिनोलियमचा जन्म कलेसाठी झालेला नाही. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज संशोधकाने १८६३ साली त्याचे पेटंट घेतले, ते जमिनीवर अंथरण्याचे आच्छादन म्हणून. जवसाच्या तेलाचा हवेशी संबंध आला की त्यावर चिवट, रबरासारखी साय धरते. रंगाचा डबा उघडा राहिला की ती आपल्यालाही दिसते. अशा घट्ट झालेल्या तेलात राळ, बुचाची पूड आणि लाकडाचा भुसा मिसळून तो लगदा गोणपाटावर पसरायचा, ही वॉल्टनची कृती. लॅटिनमध्ये ‘लिनम’ म्हणजे जवस आणि ‘ओलियम’ म्हणजे तेल, त्यावरून हे नाव पडले. ज्या जवसाची चटणी विदर्भात घरोघरी होते, तेच हे जवस.

लाकडाला उभे रेषे असतात. त्यांच्या विरुद्ध दिशेने हत्यार चालविले की लाकूड चिरते. लिनोला असे रेषे नाहीत. त्यात कोणत्याही दिशेने, वळणावळणाने कोरता येते, आणि कोरायला जोरही कमी लागतो. या सोयीमुळेच सुरुवातीला अनेकांनी त्याला मुलांचे साधन मानले. व्हिएन्नातील कलाशिक्षक फ्रान्झ चिझेक यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुलांच्या वर्गात लिनो आणला. पुढे १९०५ साली ड्रेस्डेन येथे स्थापन झालेल्या ‘डी ब्रुके’ या गटातील चित्रकारांनीही तो हाताळला. लंडनच्या ग्रोव्हनर स्कूलमध्ये १९२६ पासून क्लॉड फ्लाइट लिनोकट शिकवीत. चित्र हे सामान्य माणसाला सिनेमाच्या तिकिटाइतक्या किमतीत मिळाले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. तो व्यवहारात फारसा उतरला नाही, तरी लिनोकटच्या मागे लागलेला प्रश्न त्यातून स्पष्ट झाला. स्वस्त साधनातून निघालेले चित्र स्वस्त राहावे की नाही?

शांतिनिकेतन आणि अंधेरी

भारतात लिनोकटचे नाव घेतले की पहिले चित्र आठवते ते नंदलाल बोस यांच्या ‘बापूजी’चे. दांडीयात्रेच्या वर्षी, म्हणजे १९३० साली, त्यांनी ते केले. काळ्या पार्श्वभूमीवर मोजक्या पांढऱ्या रेषा, हातात काठी, पुढे पडलेले पाऊल. चेहऱ्यावर तपशील जवळजवळ नाहीतच. तरीही चालण्यातला निर्धार पाहणाऱ्याला चुकत नाही. कोरलेली प्रत्येक रेषा पांढरी उमटते आणि न कोरलेले सारे काळे राहते, या लिनोच्या स्वभावाचा इतका नेमका उपयोग क्वचित झाला असेल. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या रवींद्रनाथ ठाकुरांच्या ‘सहज पाठ’ या बंगाली बालवाचनमालेतील चित्रेही नंदलालांनी लिनोवर कोरली. बंगालमधल्या कित्येक पिढ्या अक्षरांबरोबर ही चित्रे पाहत वाढल्या. खानदेशात फैजपूर येथे १९३६ साली भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाच्या नगराची सजावट करणारे नंदलाल ते हेच.

दुसरे नाव मुंबईशी जोडलेले आहे. चित्तप्रसाद (१९१५-१९७८) हे मूळचे बंगालचे. १९४३च्या दुष्काळाची त्यांनी केलेली रेखाचित्रे ब्रिटिश सरकारला सहन झाली नाहीत. त्यांचे ‘हंग्री बेंगॉल’ हे पुस्तक जप्त करून नष्ट करण्यात आले. १९४६ साली ते मुंबईत आले आणि आयुष्यातील पुढचा बराच काळ त्यांनी अंधेरीतल्या साध्या घरात काढला. कामकरी बायका, शेतकरी, ओझी वाहणारी आणि राबणारी मुले हे त्यांच्या लिनोकटचे विषय. मुलांवरील मालिकेला त्यांनी दिलेल्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘परीकथा नसलेले देवदूत’ असा होतो. मोठी चित्रशाळा नाही, यंत्रसामग्री नाही आणि हाती पैसा बेताचा, अशा स्थितीत लिनो त्यांच्या हाताशी राहिला. घरच्या टेबलावर कोरलेले चित्र किती दूर जाऊ शकते, याचा यापेक्षा वेगळा दाखला शोधायला नको.

साहित्य काय हवे?

लिनो : कलासाहित्याच्या दुकानात तो लहान तुकड्यांत मिळतो. सुमारे तीन मिलिमीटर जाडीचा, मागे गोणपाट असलेला करडा वा तपकिरी लिनो कोरायला उत्तम. याच नावाखाली कधी कधी व्हायनिल किंवा मऊ रबरही विकले जाते. ते कोरायला हलके असते, पण फार बारीक रेषा त्यात टिकत नाहीत. पहिल्या प्रयत्नाला १० बाय १५ सेंटिमीटरचा तुकडा पुरेसा आहे.

कोरण्या : दोन प्रकार आवश्यक आहेत. एकीचे टोक इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे असते, ती रेषांसाठी. दुसरीचे ‘यू’ अक्षरासारखे, ती मोठी जागा मोकळी करण्यासाठी. दहा स्वस्त कोरण्यांच्या संचापेक्षा दोन चांगल्या, धार लावता येण्याजोग्या कोरण्या केव्हाही बऱ्या. बोथट हत्यार घसरते आणि घसरलेले हत्यारच बोट कापते.

शाई आणि रोलर : उठावाच्या मुद्रणाची शाई घट्ट असते. पाण्यात मिसळणारी शाई धुवायला सोपी, पण लवकर वाळते. तेलाच्या शाईचा काळा रंग अधिक दाट आणि मखमली उतरतो. नेहमीचे पोस्टर रंग वा ॲक्रिलिक पातळ असल्याने कोरलेल्या खाचांत उतरतात, म्हणून ते टाळावेत.

कागद : हाताने घासून छापा घ्यायचा तर कागद पातळ पण चिवट हवा. खरबरीत जाड कागदावर शाई तुटक उमटते. पुण्यात १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेमुळे हातकागद हा शब्द महाराष्ट्राला परिचित आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातही हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. गुळगुळीत पृष्ठभागाचा, हलक्या वजनाचा हातकागद लिनोकटला चांगला साथ देतो.

बाकी काच, सँडपेपर, ट्रेसिंग पेपर, मऊ पेन्सिल, चिंध्या आणि डाव या वस्तू बहुतेक घरांत असतातच.

चित्राची निवड

पहिल्या चित्रासाठी विषय दूर शोधू नये. खिडकीच्या गजावर बसणारा कावळा हा उत्तम विषय आहे. त्याची आकृती स्पष्ट, अंग बहुतांशी काळे, पाठीमागे मोकळे आकाश. पण त्यातच एक अडचणही दडलेली आहे. आपल्याकडच्या कावळ्याची मान करडी असते, आणि आपल्या हाती शाई मात्र एकच, काळी. करडा रंग आणायचा कसा?

लिनोकटमध्ये शिकण्यासारखे जे आहे, ते इथे सुरू होते. करडा रंग शाईत नसतो. काळ्या जागेत पांढऱ्या बारीक रेषा जवळजवळ कोरल्या की दुरून डोळा त्यांची बेरीज करून करडेपणा पाहतो. रेषा विरळ तर छटा गडद, रेषा दाट तर छटा फिकी. मानेवरच्या पिसांच्या दिशेने त्या रेषा वळविल्या की छटेबरोबर आकारही मिळतो. म्हणून कच्चे चित्र पेन्सिलीच्या छायाप्रकाशात न काढता सरळ काळ्या स्केचपेनने काढावे. जे पेनने काळे करता येत नाही किंवा कोरे ठेवता येत नाही, ते लिनोवरही येणार नाही.

छापा आरशासारखा उलटा येतो, हे विसरू नये. डावीकडे पाहणारा कावळा उजवीकडे पाहू लागला तर फारसे बिघडत नाही. देवनागरी अक्षरे उलटली तर सगळेच बिघडते. यावर सोपा उपाय आहे. चित्र ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने गिरवावे, तो कागद पालथा करून लिनोवर ठेवावा आणि मागून घासावे. लिनोवर उलटे चित्र उतरते आणि छाप्यात ते पुन्हा सुलटे होते. त्यापूर्वी लिनोचा पृष्ठभाग अगदी बारीक सँडपेपरने हलकेच घासून घ्यावा, म्हणजे त्यावरचा तेलकटपणा जातो. उतरविलेल्या रेषा पक्क्या पेनने पुन्हा काढून वर पातळ रंगाचा हात दिला, तर कोरलेली प्रत्येक रेषा लगेच वेगळी दिसते.

कोरताना

लिनो जुना वा थंड असेल तर कडक होतो. थोडा वेळ उन्हात ठेवावा किंवा वर कागद टाकून कोमट इस्त्री फिरवावी. तो लोण्यासारखा कापला जातो.

एक नियम मात्र कधीही मोडू नये. लिनो धरणारा हात कोरणीच्या पुढे असता कामा नये, तो नेहमी मागेच हवा. यासाठी एक लाकडी फळी घेऊन तिच्या एका कडेला खालून आणि समोरच्या कडेला वरून पट्टी ठोकावी. खालची पट्टी टेबलाच्या काठाला अडते, वरच्या पट्टीला लिनो टेकतो, आणि पुढे जाणारा जोर फळी घेते. कोरणीची मूठ तळव्यात आणि तर्जनी पात्याच्या वर ठेवावी. वळण घेताना मनगट न वळविता लिनोच फिरवावा. लहान मुलांना कोरणी देऊ नये. त्यांच्यासाठी बटाट्याचे ठसे आहेतच.

आधी ‘व्ही’ कोरणीने आकाराच्या कडा कोराव्यात, नंतर ‘यू’ कोरणीने मोठ्या जागा मोकळ्या कराव्यात. खोली एक-दीड मिलिमीटर पुरे. गोणपाट दिसू लागले म्हणजे फार खोल गेलो. ठेवायच्या रेषेच्या भिंती तळाशी रुंद आणि वर अरुंद असाव्यात. आतल्या बाजूने पोखरलेली रेषा दाबाखाली मोडते.

मोकळ्या केलेल्या जागेतही कोरणीच्या उंचवट्यांना थोडी शाई लागते आणि छाप्यात बारीक रेघा उमटतात. नवशिका त्यांना डाग समजतो. पण त्या हाताच्या हालचालीच्या खुणा आहेत. कावळ्यामागच्या आकाशात त्या एका दिशेने गेल्या तर वारा दिसतो, वेड्यावाकड्या गेल्या तर गोंधळ दिसतो. ठेवायच्या की पुसायच्या, हाही निर्णयच.

काम कितपत आले ते पाहण्यासाठी दर वेळी शाई लावण्याची गरज नाही. नाण्यावर कागद ठेवून आपण पेन्सिल घासतो, तसे लिनोवर घासून पाहावे. शंका असेल तिथे कोरू नये. राहिलेले केव्हाही काढता येते.

छापा घेताना

काचेवर शाईचा लहानसा गोळा घेऊन रोलरने ती पातळ पसरावी. योग्य थराला बारीक चरचर असा आवाज येतो आणि पृष्ठभाग मखमलीसारखा दिसतो. नारंगीच्या सालीसारखा खडबडीत दिसला तर शाई जास्त झाली. लिनोवर एकच जाड थर न देता तीन-चार पातळ थर वेगवेगळ्या दिशांनी द्यावेत.

कागद वरून अलगद ठेवावा. एकदा टेकला की सरकवू नये. मग डावाच्या फुगीर पाठीने मध्यापासून कडेकडे, गोलाकार घासत जावे. कागद फाटू नये म्हणून वर दुसरा गुळगुळीत कागद ठेवता येतो. एक कोपरा उचलून पाहावे. कुठे फिके असेल तर कागद तसाच टेकवून तेवढी जागा पुन्हा घासावी. सगळीकडे शाई उतरल्याची खात्री झाली की छापा एका टोकाकडून हळूहळू सोलून घ्यावा.

पहिला छापा बहुधा निराश करतो. कोरा लिनो सुरुवातीला शाई पितो. तिसऱ्या-चौथ्या छाप्यापासून काळा रंग भरू लागतो. नेहमीचे दोष आणि त्यांची कारणे अशी : छापा करडा व ठिपकेदार आला तर शाई किंवा दाब कमी आहे. बारीक रेषा भरून गेल्या तर शाई जास्त झाली. कडा दुहेरी दिसल्या तर घासताना कागद हलला. मधे पांढरे वर्तुळ आले तर लिनोची कपची किंवा कचरा अडकला. प्रत्येक छाप्यामागे पेन्सिलीने एक ओळ लिहून ठेवली, तर पुढच्या वेळी शिकवायला दुसरे कोणी लागत नाही.

तेलाची शाई पुसताना आधी थोडे गोडेतेल आणि चिंधी वापरावी, मग साबण. रॉकेलने काम लवकर होते, पण बंद खोलीत त्याचा वास त्रासदायक ठरतो. जवसाच्या तेलाच्या शाईने माखलेले बोळे एकत्र कोंबून ठेवू नयेत. तेल हवेत घट्ट होताना उष्णता निर्माण होते आणि ढिगाऱ्यात ती साठून बोळे आपोआप पेट घेऊ शकतात. ते पसरून वाळवावेत किंवा पाण्यात भिजवून टाकावेत.

छापे दोरीवर चिमट्यांनी टांगावेत. कोरड्या हवेतही तेलाची शाई वाळायला काही दिवस लागतात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात त्याहून अधिक, आणि कागदाला बुरशीची भीती असते ती वेगळीच. शक्य असेल तर कोरण्याचे काम पावसाळ्यात आणि छापण्याचे काम दसऱ्यानंतर, अशी वाटणी करावी.

एकाच ठशातून अनेक रंग

रंगीत छाप्यासाठी प्रत्येक रंगाला वेगळा ठसा कोरणे हा जुना मार्ग. पाब्लो पिकासो यांनी १९५८ साली क्रानाखच्या चित्रावरून केलेला स्त्री-चित्राचा लिनोकट असाच अनेक ठशांतून केला. ते सारे ठसे एकमेकांवर तंतोतंत बसविणे फार जिकिरीचे. दक्षिण फ्रान्समधील व्हालॉरिस येथे मुद्रक इदाल्गो आर्नेरा यांच्या सहकार्याने पिकासो यांनी पुढे दुसरी पद्धत नावारूपाला आणली. एकच ठसा, तोच पुन्हा पुन्हा कोरत जायचे. त्या वेळी ते ऐंशीच्या उंबरठ्यावर होते.

आपल्या कावळ्याचेच उदाहरण घेऊ. संध्याकाळचे आकाश हवे आहे. आधी पांढरे राहायचे तेवढेच कोरून सगळा ठसा पिवळ्या रंगात छापायचा. मग जिथे पिवळा राहायचा तो भाग कोरून काढायचा आणि उरलेला ठसा त्याच कागदांवर नारंगी रंगात छापायचा. शेवटी आकाश पूर्ण काढून फक्त कावळा आणि गज उरवायचे आणि काळ्यात छापायचे. रंग नेहमी फिक्याकडून गडदाकडे. कागद दर वेळी त्याच जागी बसावा म्हणून पुठ्ठ्यावर लिनोची चौकट आणि कागदाचे दोन कोपरे पक्के आखून घ्यावेत.

या पद्धतीत मागे फिरता येत नाही. काळा रंग छापून झाला तेव्हा पिवळ्याचा ठसा अस्तित्वातच उरलेला नसतो. म्हणून सगळे कागद पहिल्याच रंगाला छापून ठेवावे लागतात. हाती १२ चांगले छापे हवेत तर १६ कागदांपासून सुरुवात करावी. प्रत्येक रंगाला एखाद-दुसरा बिघडतोच. तेरावा छापा मागाहून कोणी मागितला, तर तो देता येत नाही.

किती, आणि कोणासाठी?

‘पण ही तर प्रिंट आहे, मूळ चित्र कुठे आहे?’ हा प्रश्न लिनोकट करणाऱ्याला हमखास ऐकावा लागतो. आज संगणकावरून कोणत्याही चित्राची हुबेहूब प्रत निघते आणि तिलाही प्रिंटच म्हणतात, त्यामुळे हा गोंधळ वाढला आहे. फरक असा की त्या प्रतीचे मूळ चित्र दुसरीकडे कुठेतरी असते. लिनोकटचे मूळ दुसरीकडे नसते. कोरलेला ठसा हे चित्र नव्हे, ते केवळ उलटे साधन. चित्र पहिल्यांदा दिसते ते छाप्यातच. म्हणून प्रत्येक छापा मूळच, आणि हाताने शाई लावलेली असल्याने शेजारच्या छाप्याहून थोडा वेगळा.

याच कारणाने मुद्राचित्रकारांत एक शिस्त रूढ झाली आहे. छाप्याखाली डावीकडे ‘३/१५’ असा क्रमांक, म्हणजे पंधरांपैकी तिसरा. मध्ये शीर्षक, उजवीकडे सही, आणि हे सारे पेन्सिलीने. ठरलेल्या आवृत्तीबाहेर चित्रकार स्वतःसाठी थोडे छापे राखतो, त्यांवर ‘ए.पी.’ असे लिहितो. आवृत्ती पूर्ण झाली की ठशावर आडवी रेघ कोरून तो बाद करतात. पंधरा म्हटल्यावर सोळावा काढायचा नाही, हे घेणाऱ्याला दिलेले वचन असते. ते पाळले गेले की नाही हे बहुधा चित्रकाराशिवाय कोणालाच कळत नाही, म्हणून तर ते पाळायचे.

याला दुसरी बाजूही आहे आणि ती चित्तप्रसादांनी दाखविली. आपली चित्रे संग्राहकांची मालमत्ता न होता लोकांच्या घरात जावीत, या भूमिकेतून त्यांनी आपले अनेक छापे क्रमांकाविना ठेवले. ठसा शाबूत आहे तोवर छापा निघेल, मग मोजायचे कशाला? हौसेने लिनोकट करणाऱ्याने या दोहोंपैकी काय निवडावे, याचे एक उत्तर नाही. विकण्यासाठी केलेल्या छाप्यांना क्रमांक घालावा आणि तो पाळावा. दिवाळीचे शुभेच्छापत्र, नव्या घराला दिलेली भेट, शेजारच्या मुलीच्या वहीचे मुखपृष्ठ यांना क्रमांकाची गरज नाही. फक्त एक करू नये. क्रमांक घालून वर मोजदाद सोडू नये.

अधिक पाहण्या-शिकण्यासाठी

मुंबईच्या १८५७ साली स्थापन झालेल्या सर ज. जी. कला महाविद्यालयात, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला शाखेत आणि शांतिनिकेतनच्या कलाभवनात मुद्राचित्रणाचे शिक्षण दिले जाते. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात नंदलाल बोस यांच्या कामाचा मोठा संग्रह आहे. मुद्राचित्रांचे प्रदर्शन जवळपास लागले असेल तर अवश्य पाहावे, आणि पाहताना कागदाच्या जवळ जावे. शाईचा थर, कोरणीच्या खुणा, कडेला राहिलेला बोटाचा पुसट ठसा या गोष्टी पुस्तकातल्या छायाचित्रात दिसत नाहीत.

एका लहान लिनोकटला साधारण दोन-तीन संध्याकाळी लागतात. एक चित्र ठरविण्यात जाते, एक कोरण्यात, एक छापण्यात. टेबलावर कपच्या पडलेल्या असतात, बोटांना शाई लागलेली असते, आणि दोरीवर दहा-बारा कावळे वाळत असतात. त्यातला एखादा मानेशी फिका असतो, एखाद्याचा डोळा भरून गेलेला असतो. जो सर्वांत बरा, तो स्वतःला ठेवण्याचा मोह होतो. तो कोणाला तरी द्यावा आणि फिका स्वतःसाठी भिंतीवर लावावा. पुढच्या वेळी काय वेगळे कोरायचे, हे तोच रोज सांगत राहतो.